अल्टिमेट फ्रिस्बी आणि महाविद्यालयीन अध्ययन

सुरत जिल्ह्यातील कडोदरा परिसरात कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. तेथील कामगार पालकास मुलाचा मैदानावरील तास वाया गेलासा वाटतो. ही धास्ती अगदीच निराधार नव्हे. अल्टिमेट फ्रिस्बीस खर्च मात्र अल्प : 175 ग्रॅम वजनाची एक तबकडी व सात-सात खेळाडूंचे दोन संघ. अमेरिकेत 6 नोव्हेंबर 1972 रोजी रटगर्स विद्यापीठाने प्रिन्स्टनला 29-27 असे नमविले, तो या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना होय. यात बहुधा पंच नसतो. नियमभंगाचा निर्णय खेळाडूंनीच चर्चेने करावयाचा असतो. वर्गातील वादविवादास हा सराव निश्चित उपयोगी. तथापि खेळणाऱ्यांस गुण अधिक पडले म्हणून ते खेळामुळेच पडले, असे अनुमान काढू नये. वेळेचे नियोजन मुळातच जमणारा विद्यार्थी दोन्ही निभावीत असेल. सरावाचे तास परीक्षेच्या वेळापत्रकाशी जुळविणे हे महाविद्यालयाचे काम आहे.