लसीविषयीचा संकोच : एक अभ्यास

लस नाकारणाऱ्यास अज्ञ ठरविणे सोपे. आम्हीही तसेच समजत होतो. परंतु कोविड लसीकरणास पंधरवडाच झाला असता, दि. ३१ जानेवारी २०२१ रोजी, आपल्या जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओ लसीऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने बालके बचावली. त्यानंतर एखाद्या मातेने "आधी कुपी दाखवा" म्हटल्यास ते अज्ञान कसे? कुपी अवश्य दाखवावी. पोलिओच्या कुपीवर वर्तुळातील चौकोन वर्तुळाहून फिकट असेल तरच लस वापरण्यायोग्य, ही खूण निरक्षर मातेसही कळते.

मजुराची शंका निराळी. ताप आल्यास कापूस वेचणीची दोन दिवसांची मजुरी बुडते. त्यास लसीचे गुण सांगण्यापूर्वी, असा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो हे सांगावे आणि दुसऱ्या दिवशी विचारपूस करण्यास त्याच्या घरी जावे.