वॉर्डातली वकिली

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव लागलं की पहिली दोन-तीन वर्षं जामीन, पोटगी, घरगुती हिंसाचार असंच काम येतं. मग एका दुपारी प्राधिकरणाच्या कार्यालयातून फोन येतो : मनोरुग्णालयात दाखल केलेल्या एकाला घरी जायचंय, तुमची नेमणूक केली आहे, भेटून या. बहुतेक ज्युनिअर इथे गडबडतात, कारण कॉलेजात हा कायदा कुणी धड शिकवलेला नसतो. माझंही तसंच झालं होतं. ही टिपणं त्या फोननंतर काय करायचं त्याची.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात घ्या. 1987 च्या जुन्या कायद्यात संमतीशिवाय दाखल करण्याच्या एका वाटेवर दंडाधिकारी असायचा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने नेहमीचा दाखला रुग्णालय आणि ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ या दोघांवर सोपवला, आणि त्यावर नजर ठेवायला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ नेमलं. म्हणजे पहिल्या 30 दिवसांत माणसाला कुणासमोर आपोआप उभं केलं जात नाही. अर्ज झाला तरच सुनावणी होते. कॅलिफोर्नियात 14 दिवसांच्या सक्तीच्या दाखल्यावर चार दिवसांत सुनावणी घ्यावी लागते आणि तिथे काउंटीचा पगारी बचाव वकील माणसाच्या बाजूने उभा राहू शकतो. आपल्याकडे तो पगारी माणूस नाही, तुम्ही आहात. उत्पन्नाचा दाखला मागत बसू नका. विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

फोन आला त्याच दिवशी जा, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पिशवीत नेमणुकीचं पत्र, कोरे कागद, अंगठ्यासाठी शाईचा पॅड, कायद्याची प्रत आणि खिशात मावेल असं छोटं कॅलेंडर हवं. कॅलेंडर कशाला, ते पुढे येईल.

फाटकावर किंवा ऑफिसात हमखास विचारतात, ‘नातेवाइकांची चिठ्ठी आणली का?’ भांडू नका. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 26 उघडून दाखवा. भेटीगाठी आणि फोन यांवर बंधन घालता येतं तिथेही वकिलाची भेट त्यातून वगळलेली आहे. तरी अडवलं, तर अडवणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि वेळ लिहून घ्या, वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज आवक विभागात द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की दार बहुधा उघडतंच.

अशिलाला एकट्याने भेटा. वॉर्डातले मामा किंवा सिस्टर दिसतील इतक्या अंतरावर असू द्या, ऐकू येईल इतक्या नव्हे. ‘तुम्हाला काय होतंय’ हा प्रश्न त्याला आठवडाभर सगळ्यांनी विचारलेला असतो. तुम्ही विचारू नका. तुमचा प्रश्न एकच : तुम्हाला काय हवंय? उत्तर दरवेळी ‘सोडवा’ असंच येत नाही. एक बाई मला म्हणाल्या, राहते मी पंधरा दिवस, पण त्या संध्याकाळच्या गोळीने जीभ जड होते ती बदला, आणि माझा चष्मा द्या. चष्मा दाखल करताना काढून कपाटात ठेवला होता. नऊ दिवस त्या बाईंना समोरचा माणूस धूसर दिसत होता, आणि केस पेपरवर नोंद होती की रुग्ण नजरेला नजर देत नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका केसमध्ये अशिलाचा भाऊ कॉरिडॉरमध्ये भेटला. सज्जन माणूस, रडकुंडीला आलेला. त्याच्यासोबत कॅन्टीनमध्ये चहा घेतला, त्याचं ऐकून घेतलं. अशिलाने ते खिडकीतून पाहिलं. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि सुनावणीत मी त्याच्या बाजूला बसलो असताना त्याने खुर्ची अर्धा हात सरकवून घेतली. घरच्यांशी बोलावं लागतंच, पण ते अशिलाला सांगून, त्याच्या परवानगीने, आणि चहा न घेता.

आता कागद. अर्ज करून फाइल मागा. कलम 25 प्रमाणे रुग्णाला स्वतःच्या नोंदी बघण्याचा हक्क आहे. एखादी गोष्ट रोखली तर त्याविरुद्ध मंडळाकडे जाता येतं. एका कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे कायद्याने काय हवं ते, उजवीकडे फाइलमध्ये काय आहे ते. कलम 89 खाली, म्हणजे त्या पहिल्या 30 दिवसांसाठी, दाखल केलं असेल तर प्रतिनिधीचा अर्ज हवा. दाखल्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं हवं : एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. आजार गंभीर आहे एवढ्याने भागत नाही. माणसाने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला. किंवा तो दुसऱ्यावर हिंसक झाला, दुसऱ्याला इजेची भीती वाटेल असं वागला. किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने त्याला स्वतःला इजा होण्याचा धोका निर्माण झाला, यांपैकी काहीतरी नोंदलेलं हवं. शिवाय दाखल करणं हाच सर्वांत कमी बंधनाचा उपाय आहे, असा दाखला हवा. मंडळाला कळवलं कधी तेही बघा : बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांसाठी सात. निर्णयासाठी माणूस जवळजवळ पूर्णपणे प्रतिनिधीवर अवलंबून आहे म्हणून प्रतिनिधीच्या संमतीने उपचार चालू असतील, तर दर सात दिवसांनी क्षमता पुन्हा तपासल्याची नोंद हवी.

यातला ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द माझा आवडता. एका फाइलमध्ये दोन्ही तपासण्या एकाच दिवशी 11 वाजून 40 मिनिटांनी झाल्या होत्या. वेगळी अक्षरं, वेगळे शिक्के, पण वाक्य तेच, आणि ‘ॲग्रेसिव्ह’ या इंग्रजी शब्दातला एक ‘जी’ दोघांनीही गाळलेला. मी सुनावणीत काही भाष्य केलं नाही. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि अध्यक्षांकडे सरकवली.

‘अलीकडे’ हाही तसाच शब्द. ‘नातेवाइकांच्या म्हणण्याप्रमाणे चिडचिड करतो’ ही नोंद म्हणजे हिंसा नव्हे. 2011 मध्ये दाखल होता हेही कारण नव्हे. कलम 3 ने ते स्पष्टच सांगितलंय. घरच्यांना न आवडणारं लग्न, जमिनीच्या वाटणीवरून आरडाओरडा, भलत्या बुवाच्या नादी लागणं, यांतून मानसिक आजार ठरत नाही, हेही त्याच कलमात बसतं. जमिनीचा वाद असेल तर सात-बारा मागवा. अनेकदा फाइलपेक्षा तोच जास्त बोलतो.

आणि कॅलेंडर. क्षमतेच्या चाचणीत ‘आज वार कोणता, तारीख काय’ विचारतात. उत्तर चुकलं की भान नाही अशी नोंद. मी गेलो होतो त्या एका वॉर्डात एकही कॅलेंडर नव्हतं. मी सिस्टरला तारीख विचारली तर त्यांनीही मोबाइल काढून बघितला. कायद्याची कसोटी वेगळी आहे : माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम उमजतात का, आणि निर्णय बोलून किंवा खुणेने सांगता येतो का. निर्णय इतरांना चुकीचा वाटतो म्हणून माणूस अक्षम ठरत नाही. सिस्टरना सांगून कॅलेंडर अशिलाकडे ठेवून या.

मग प्रतिनिधी कोण ते विचारा. ज्याच्याशी भांडण, तोच भाऊ बहुतेक वेळा प्रतिनिधी म्हणून सही करून बसलेला असतो. कलम 14 प्रमाणे सज्ञान माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो आणि केव्हाही बदलू शकतो. नव्या माणसाची लेखी संमती जोडायची. कोरे कागद आणि पॅड यासाठी. अशिलाने पूर्वी आगाऊ निर्देश लिहून ठेवलेत का, हेही याच वेळी.

अर्ज दीड पानाचा पुरे. कलम 77 खाली फी नाही. वेळ पडली तर मंडळ तोंडी किंवा फोनवरचा अर्जही घेऊ शकतं. मागण्या उतरत्या क्रमाने लिहा : दाखला रद्द करून सोडणं, नाही तर कलम 86 खाली स्वतंत्र रुग्ण म्हणून ठेवणं, म्हणजे जायचं ठरवलं की जाता येईल, नाही तर प्रतिनिधी बदलणं, औषधाचा फेरविचार, फोन, चष्मा. कलम 89 च्या दाखल्याविरुद्धचा अर्ज सात दिवसांत निकाली काढायचा असतो, कलम 90 चा 21 दिवसांत. अर्ज दिल्याची तारीख डायरीत लाल शाईने लिहा, कारण मंडळाची बैठक लवकर लागत नाही आणि पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. 30 दिवस उलटू दिले तर प्रकरण कलम 90 मध्ये जातं. तिथे मुदत एकेका वेळी 90, मग 120, मग 180 दिवसांपर्यंत वाढू शकते.

सुनावणी रुग्णालयातच, बंद दाराआड होते. अध्यक्ष आजी-माजी जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पदासाठी पात्र न्यायिक अधिकारी. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि स्वतः आजारातून गेलेले, काळजीवाहक किंवा संस्थेतले असे दोघं. मनोविकारतज्ज्ञाशी निदानावरून वाद घालू नका. तिथे तुम्ही हरणार. त्यांना विचारा, ‘हेच उपचार बाह्यरुग्ण विभागात का होणार नाहीत?’ अशिलाला स्वतः बोलण्याचा हक्क आहे, त्याला बोलू द्या. सकाळच्या गोळीने गुंगी येत असेल तर वेळ दुपारची मागून घ्या. गोळी चुकव असं मात्र कधीच सांगायचं नाही.

एखाद्या वेळी तुम्हालाच वाटेल की याने आणखी आठवडाभर राहिलेलं बरं. ते त्याला एकांतात जरूर सांगा. मंडळापुढे सांगायचं नाही. त्याचं भलं कशात आहे हे सांगायला त्या खोलीत सगळे बसलेले असतात. त्याला काय हवंय हे सांगायला तुम्ही एकटे.

केस बहुतेकदा कायद्यावर हरत नाही, ‘सोडलं तर जाणार कुठे’ या प्रश्नावर हरते. म्हणून पत्ता, सोबत राहणारा माणूस, जवळच्या रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागाचा वार, औषधाचा खर्च, हे सगळं एका कागदावर लिहून न्या. बहीण, जुना मित्र, खोलीमालक, कुणीही चालेल. बरे होऊनही घर नाही म्हणून आत राहिलेल्यांचा प्रश्न गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि निवाऱ्याची सोय करायला राज्यांना सांगितलं गेलं. ती सोय तुमच्या जिल्ह्यात आहे का, हे सुनावणीच्या आधी फोन करून विचारा.

सुनावणी संपल्यापासून पाच दिवसांत लेखी निर्णय मिळायला हवा. सुटकेचा आदेश झाला तर डिस्चार्ज कार्ड, पुढच्या तारखेपर्यंतच्या गोळ्या आणि अशिलाचे स्वतःचे कपडे मागून घ्या. कपडे स्टोअरमधून निघायलाच अर्धा दिवस जातो. निर्णय विरोधात गेला तर त्याच संध्याकाळी वॉर्डात जाऊन तोंडाने सांगा, दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नका. उच्च न्यायालयात अपिलाला निर्णयापासून 30 दिवस आहेत.