अनुदिनीसाठी साधनाची निवड

लातूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या निलंगा परिसरात लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. नीळकंठेश्वराच्या प्राचीन मंदिराचे शिल्पवैभव, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचे अनुभव यांपैकी बरेचसे अद्याप वडीलधाऱ्यांच्या मुखीच आहे. शिक्षक, ग्रंथपाल वा विद्यार्थी यांना ते शब्दबद्ध करून अनुदिनीच्या, म्हणजेच ब्लॉगच्या, रूपाने स्वतःच प्रसिद्ध करता येते. मात्र त्यासाठी कोणती आज्ञावली निवडावी, हा प्रश्न आरंभीच उभा राहतो. केवळ सजावटीवर भाळून केलेली निवड पुढे लेखनाच्याच मुळावर येण्याचा संभव असतो.

अक्षरांची कसोटी

पहिली कसोटी लिपीची. जुन्या संगणकीय टंकांत एकाच संकेतांकाला निरनिराळी अक्षरे दिलेली असत. त्यामुळे एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात निरर्थक दिसे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड प्रमाणकाने देवनागरी वर्णांना निश्चित क्रमांक दिले आणि ही अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला. म्हणून लेखन युनिकोडमध्येच असावे. साधनाची परीक्षा सोपी आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द लिहून पाहावेत; एक समुद्र, तर दुसऱ्या डोंगरातील. हा भेद पडद्यावर स्पष्ट उमटला पाहिजे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. जुन्या टंकांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते.

दोन प्रचलित साधने

१९९९ मध्ये सुरू झालेले आणि २००३ पासून गूगलकडे असलेले ब्लॉगर विनामूल्य आहे. त्यासाठी जागेचे भाडे वा तांत्रिक देखभाल लागत नाही; नवोदितास ते सोयीचे होय. मात्र तेथील नियम कंपनीचे असतात. २००३ मध्येच अवतरलेली वर्डप्रेस ही मुक्त आज्ञावली आहे. ती स्वतंत्र जागेवर बसविल्यास रचनेचे पूर्ण स्वातंत्र्य मिळते. परंतु संकेतनामाचे शुल्क, जागेचे भाडे आणि सुरक्षेसाठी वेळोवेळी करावयाची सुधारणा हा भार लेखकावर पडतो. एकट्या लेखकास पहिले साधन पुरेसे ठरते. अनेकांनी मिळून लिहावयाचे असेल आणि देखभाल करणारा कोणी असेल, तर दुसऱ्याचा विचार करावा.

परतीची वाट

सर्वांत महत्त्वाची कसोटी मात्र निराळीच आहे. लिहिलेले सर्व लेखन बाहेर काढून घेता येते काय? पोस्टरस ही सेवा ३० एप्रिल २०१३ रोजी बंद झाली. २००३ पासून चालू असलेली टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. ज्यांनी मुदतीपूर्वी प्रती काढून ठेवल्या, त्यांचेच लेखन सुरक्षित राहिले. ब्लॉगर व वर्डप्रेस या दोहोंतही लेख एकत्र उतरवून घेण्याची सोय आहे. ब्लॉगरवरील लेख वर्डप्रेसमध्ये नेताही येतात. छायाचित्रांच्या मूळ प्रती मात्र स्वतंत्रपणे जपाव्यात.

पहिला खर्डा आपल्याच संगणकावर लिहावा, म्हणजे वीज वा जोडणी खंडित झाली तरी काम वाया जात नाही. दरमहा सर्व लेखांची एक प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. भूकंप पाहिलेल्या वृद्धाने एकदा सांगितलेली हकिकत पुन्हा ऐकावयास मिळेलच असे नाही. ती ज्या साधनाच्या हाती सोपवावयाची, ते पारखूनच घेतले पाहिजे.