संघास शिक्षिका किती?

मुलीचा खेळ शाळेबरोबरच संपावयाचा, असे सव येथील पुष्कळ पालक धरून चालतात. म्हणून महाविद्यालयीन मुलींच्या फुटबॉल संघास शिकविते कोण, हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. मुख्य शिक्षिका डाव रचिते. साहाय्यक शिक्षिका एकेकीचे पाऊल सुधारिते. गोलरक्षिकेचे शिक्षण तर सर्वस्वी निराळे. अकरा जणींत तिलाच, तेही ठराविक चौकटीत, चेंडू हाती धरण्याची मुभा. झेपावे कसे व अंग न दुखविता पडावे कसे, हे तिने कोणापासून शिकावे? जी स्वतः खेळली, तिच्यापासून. गोमंतकाच्या मेमोल रॉकी भारताकडून खेळल्या व २०१७ साली राष्ट्रीय महिला संघाच्या मुख्य शिक्षिका झाल्या. २०१९ साली विराटनगर येथे त्यांच्या संघाने नेपाळला ३-१ असे हरवून दक्षिण आशियाई अजिंक्यपद सलग पाचव्यांदा भारताकडे राखिले.