घरच्या वायफायवरून फोन : उपयोग, मर्यादा व दक्षता

खेडोपाडी आता स्मार्टफोन पोहोचला असून पुष्कळ ठिकाणी फायबरची तारही घरापर्यंत आली आहे. २०११ साली मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत ही तार नेण्याचे काम हाती घेण्यात आले. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेमुळे किराणा दुकानदारासही सार्वजनिक वायफाय चालविण्याची मुभा मिळाली. घरात वायफाय असताना प्रत्येक फोनचे वेगळे रिचार्ज कशासाठी करावयाचे, असा प्रश्न काटकसरी शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. रिचार्जावरील खर्च खरोखरच कमी करता येतो. परंतु तो सर्वस्वी बंद करून आपला क्रमांक गमावला, तर झालेली बचत अंगाशी येते. ही मर्यादारेषा कोठे आहे, ते या लेखात पाहावयाचे आहे.

वायफायवरून आवाज कसा जातो?

नेहमीच्या फोनमध्ये आपला आवाज जवळच्या मोबाईल टॉवरकडे जातो. वायफायवरून बोलताना फोन आवाजाचे अंकांत रूपांतर करून त्याचे लहान लहान तुकडे पाडतो. हे तुकडे घरातील राउटरमार्फत इंटरनेटवरून पलीकडच्या फोनकडे जातात व तेथे पुन्हा जोडले जातात. ह्यास डेटा फार लागत नाही. नुसत्या बोलण्यास मिनिटाला सुमारे अर्धा मेगाबाइट पुरतो. चित्रासह बोलावयाचे झाल्यास त्याच्या कित्येक पट लागतो. म्हणून रेंज मंद असेल तेव्हा चित्र बंद करून बोलावे. डाळिंबावरील तेल्या किंवा कपाशीवरील बोंडअळी तज्ज्ञास दाखवावयाची असल्यास हलत्या चित्रापेक्षा पानाच्या दोन्ही बाजूंची व फळाची स्वच्छ उजेडात काढलेली छायाचित्रे आधी पाठवावीत आणि मग बोलावे. सल्ला अधिक अचूक मिळतो.

दोन प्रकार वेगळे ओळखावेत

पहिला प्रकार ‘वायफाय कॉलिंग’ हा होय. भारतात ही सोय मोठ्या कंपन्यांनी २०१९ च्या अखेरीस व २०२० च्या आरंभी सुरू केली. ह्यात आपलाच क्रमांक व आपलेच सिमकार्ड वापरले जाते. टॉवरऐवजी घरचे वायफाय इतकाच काय तो फरक. समोरच्या माणसाकडे साधा फोन असला तरी चालते. डोंगराच्या कुशीतील वाड्यांना व जाड भिंतींच्या घरांना ही सोय फार उपयोगी आहे. मात्र तिच्यासाठी सिमकार्ड चालू व रिचार्ज केलेले असावे लागते. फोनच्या सेटिंगमध्ये सिमकार्डाच्या भागात ‘वायफाय कॉलिंग’ असे लिहिलेले सापडते. ते एकदा चालू करून ठेवावे.

दुसरा प्रकार व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून बोलण्याचा. ह्यास रिचार्ज लागत नाही, परंतु दोन्ही बाजूंस तेच ॲप व इंटरनेट हवे. अशा ॲपवरून साध्या फोनच्या क्रमांकाशी बोलता येत नाही. स्काइप या कंपनीने भारतातील भारतात साध्या फोनवर बोलण्याची सोय नोव्हेंबर २०१४ मध्येच बंद केली, आणि मे २०२५ मध्ये ती सेवाच गुंडाळली गेली. तात्पर्य, परगावी शिकणाऱ्या मुलाशी किंवा ॲप वापरणाऱ्या व्यापाऱ्याशी ॲपवरून बोलणे होईल. परंतु किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकासाठी नेहमीचाच फोन लागेल.

क्रमांक का जपावा?

आपला मोबाईल क्रमांक हा आज केवळ बोलण्याचे साधन राहिलेला नाही. बँकेचे खाते, आधार व अनेक शासकीय योजना यांच्याशी तो जोडलेला असतो, आणि पडताळणीचा आकडा, म्हणजे ओटीपी, त्याच क्रमांकावर संदेशाने येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमानुसार प्रीपेड क्रमांकाचा सलग ९० दिवस काहीही वापर झाला नाही व खात्यात २० रुपयांहून कमी शिल्लक असली, तर तो बंद करता येतो. बंद झालेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. मग आपल्या खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती पडण्याचा धोका उद्भवतो.

सिमकार्ड फोनमधून काढून ठेवणेही इष्ट नाही. ज्या सिमकार्डावर खाते नोंदविले ते फोनमध्ये असल्यावाचून संदेशांची ॲप चालू नयेत, असा आदेश दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी काढला.

ह्यावर मध्यम मार्ग उपलब्ध आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने नियमात दुरुस्ती करून, केवळ बोलणे व संदेश एवढ्यापुरते, डेटा नसलेले रिचार्ज प्रत्येक कंपनीने उपलब्ध ठेवावे असे ठरविले. त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. घरी वायफाय असलेल्या कुटुंबाने दुकानात जाऊन हेच रिचार्ज मागावे. शेतात ज्यास डेटा लागतो, त्या एकाच फोनवर डेटाचे रिचार्ज ठेवावे.

राउटर कोठे ठेवावा?

राउटरच्या लहरी मोकळ्या जागेत काही दशक मीटरपर्यंतच नीट पोहोचतात. दगडी भिंत, पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट व पावसाने भिजलेला उभा ऊस ह्यांनी त्या क्षीण होतात. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंच व उघड्या जागी ठेवावा. त्यातून दोन प्रकारच्या लहरी निघत असल्यास दूरच्या जागेसाठी २.४ गिगाहर्ट्‌झची निवडावी. ती भिंतीपलीकडे अधिक टिकते. गोठ्यापर्यंत रेंज न्यावयाची असेल तर लॅनची तार टाकून तेथे दुसरा राउटर बसवावा. ही तार १०० मीटरपेक्षा लांब असू नये. ती तांब्याची असल्याने वळवाचे ढग जमू लागताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वीच, दोन्ही टोकांकडून काढून ठेवावी.

अडचणीच्या वेळी काय होते?

वायफाय विजेवर चालते, हे कधीही विसरू नये. समजा, आषाढातील रात्री वीज गेली आहे आणि गोठ्यात कोणास सर्पदंश झाला आहे. राउटर बंद पडल्यामुळे ॲप निरुपयोगी होते. ते चालू असते तरी त्यावरून रुग्णवाहिकेचा १०८ किंवा आपत्कालीन ११२ हा क्रमांक लागत नाही. अशा प्रसंगी चालू सिमकार्ड असलेला फोन व टॉवरची रेंज यांचाच आधार असतो. म्हणून घराभोवती कोणत्या जागी रेंज हमखास मिळते, ते दिवसा पाहून ठेवावे व घरातील बायकामुलांसही ती जागा दाखवून ठेवावी. राउटरसाठी मिळणारी लहान बॅटरी जोडल्यास काही तास तो विजेवाचून चालतो.

सारांश

१) घरातील निदान एका फोनवर बोलण्याचे रिचार्ज अखंड चालू ठेवावे. बँक व आधार यांच्याशी जोडलेला कोणताही क्रमांक बंद पडू देऊ नये.
२) नेहमीचे बोलणे घरच्या वायफायवरून करावे व डेटाचा खर्च वाचवावा.
३) रेंज कमी असल्यास ‘वायफाय कॉलिंग’ चालू करावे.
४) सार्वजनिक वायफायवर बँकेचे व्यवहार टाळावेत, ओटीपी कोणासही सांगू नये.
५) १०८ व ११२ या क्रमांकांसाठी वायफायवर विसंबू नये.

एवढी दक्षता बाळगल्यास वायफाय हे शेतकरी कुटुंबास काटकसरीचे चांगले साधन ठरेल. विहिरीस पाणी आहे म्हणून कोणी घरातील घागर फोडून टाकीत नाही. त्याच न्यायाने वायफाय आले तरी आपला क्रमांक जपून ठेवावा.