पगाराचा आकडा विचारण्याआधी

सूरजागडला खाण सुरू झाल्यापासून तुमच्या डोक्यावरून हेलिकॉप्टरं जातातच. कधी पोलिसांचं, कधी मंत्र्यांचं, कधी कुणा बड्या साहेबांचं. त्यामुळे परवा फोनवर पायलट व्हायचं म्हणत तू विचारलंस, "ताई, एअरलाइनपेक्षा या खासगी विमानवाल्यांना पगार जास्त असतो का गं?" त्याचं मला नवल वाटलं नाही. मी विमान उडवत नाही, पण चार्टर विमानांच्या ऑपरेशन्समध्ये बसून पायलटांच्या ड्यूट्या लावते. त्यामुळे कोण किती उडतं आणि कोण किती ताटकळतं, ते मला दिसतं. आईबाबांसमोर बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

मोठ्या एअरलाइनमध्ये को-पायलटला महिन्याला साधारण दीड ते तीन लाख मिळतात आणि कॅप्टनला पाच ते आठ लाख. त्यातला मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर ठरतो. खासगीत बहुधा महिन्याचा आकडा बांधलेला असतो, मग विमान कमी उडो की जास्त. एटापल्लीच्या रस्त्यावर बघ, खनिजाच्या ट्रकचा हिशेब फेरीवर आणि साहेबाच्या गाडीच्या ड्रायव्हरचा महिन्यावर. तसंच समज. साहेबाची बैठक लांबली की ड्रायव्हर गाडीपाशीच. इथेही पायलट विमानतळावर बसून राहतो. रात्री साडेदहाला फोन येतो, 'पहाटे निघायचंय.' सणवार कॅलेंडरवर असतात, रोस्टरमध्ये नाही. खासगीतला निम्मा पगार या वाट बघण्याचाच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तो आकडा माणूस बघून ठरत नाही, विमान बघून ठरतो. किंग एअरसारखं पंख्याचं छोटं विमान उडवणाऱ्याचा पगार वेगळा, खंड ओलांडणाऱ्या गल्फस्ट्रीम किंवा फाल्कनच्या कॅप्टनचा वेगळा. तो एअरलाइनच्या कॅप्टनलाही मागे टाकू शकतो. पण प्रत्येक जातीच्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते चालवण्याची परवानगी, वेगळं, त्याचा खर्चही लाखांत. कंपनीने तो केला, तर बाँड लिहून घेते. म्हणून मुलाखतीत 'पगार किती' एवढंच विचारून गप्प बसू नकोस. बाँड किती वर्षांचा, सिम्युलेटरचे पैसे कुणाचे, मेडिकलमध्ये नापास होऊन लायसन्स गेलं तर विमा आहे का, हेही विचार. संकोच करू नकोस. सही करण्याआधीच विचारायचं असतं हे, नंतर कुणी दाद देत नाही.

आता तुमच्याकडचीच गोष्ट. १७ जुलै २०२४ ला अहेरी तालुक्यात वडलापेठला सूरजागड इस्पातच्या कारखान्याचं भूमिपूजन होतं. नागपूरहून देवेंद्र फडणवीस, अजित पवार आणि उदय सामंत हेलिकॉप्टरने निघाले आणि वाटेत ढगांत सापडले. बाहेरचं काही दिसेना. त्या दिवशी आषाढी एकादशी होती, आपण मनात पांडुरंगाचा धावा करत होतो, असं पवारांनी कार्यक्रमात स्वतःच सांगितलं. हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. बातम्यांत नेत्यांची नावं आली. पायलटचं कितीजणांना आठवतं?

मला त्या प्रसंगात पगाराचा खरा अर्थ दिसतो. एअरलाइनमध्ये हवामान बिघडलं की नियम, कंट्रोल रूम, सगळी यंत्रणा पायलटच्या मागे उभी असते. खासगीत मागच्या सीटवर बसलेला माणूसच कित्येकदा मालक असतो, त्याला बरोबर अकराला पोचायचं असतं, खाली मंडप सजलेला असतो. "साहेब, आज जमणार नाही," हे वाक्य उच्चारण्याची हिंमत कंपनी देते की नाही, ते पगाराच्या पावतीवर छापलेलं नसतं. जिथे परत फिरलेल्या पायलटला सुनावतात, तिथे दुप्पट पगार मिळाला तरी जाऊ नकोस.

आणखी एक. हेलिकॉप्टरचं लायसन्स विमानापेक्षा वेगळं असतं आणि आपल्याकडे ते चालवणारे बरेचसे सैन्यदलांतून आलेले असतात. तुला विमानच हवं असेल, तर बारावीला फिजिक्स आणि गणित हवं आणि कमर्शिअल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण. गोंदियाला बिरसीच्या विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, आपल्याच विदर्भात. खर्च मात्र पन्नास लाखांच्या आसपास आणि टाइप रेटिंगचा त्यावर. लायसन्स हातात आल्या आल्या कुणी जेटचा कॅप्टन करत नाही. एअरलाइन ट्रान्स्पोर्ट लायसन्सला १५०० तास लागतात आणि तिथपर्यंतची वर्षं त्यामानाने कमी पगाराचीच असतात. घर गहाण ठेवून हे करू नका, असं मी बाबांनाही सांगणार आहे.

मुलगी म्हणून कचरू नकोस. सौदामिनी देशमुखांनी १९८५ मध्ये फक्त महिलांचं पथक घेऊन फोकर विमान नेलं. आज भारतातल्या पायलटांमध्ये साधारण १५ टक्के महिला आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट.

तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी आदिवासी असेल तर तिलाही सांग, केंद्राच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीत पायलट लायसन्सचा अभ्यासक्रम पहिल्या गटात आहे. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन लेखी चौकशी करायला लाव, तोंडी नको. आणि तू, कुठल्याही फ्लाइंग क्लबची फी भरण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल करून घे. डोळ्यांचा, कानांचा किंवा हृदयाचा काही अडथळा असेल, तर तो पैसे भरण्याआधी कळलेला बरा.