पहाटेची धून आणि वॉल्टर कौफमन

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढले नव्हते. रेडिओ मात्र होता. पहाटे रापणीवर जाण्यापूर्वी आजोबा तो लावीत आणि केंद्र सुरू होताना तानपुऱ्याच्या साथीने व्हायोलिनची ती संथ धून घरभर पसरे. ती कोणी रचली असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. यंदा वाचनात त्याचे उत्तर आले आणि मी चकित झालो.

ही धून वॉल्टर कौफमन या जर्मनभाषी ज्यू संगीतकाराच्या नावावर आहे. १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाद येथे त्याचा जन्म झाला. बर्लिन व प्राग येथे तो शिकला. परंतु आपले प्राध्यापक नाझींचे पाठीराखे आहेत हे कळताच त्याने डॉक्टरेट नाकारली. अठराव्या शतकात हँडेल जर्मनीतून लंडनला गेला तो कीर्तीच्या शोधात. कौफमन मात्र १९३४ मध्ये मुंबईस आला तो आसऱ्यासाठी.

भारतीय संगीत त्याने प्रथम ऐकले तेव्हा त्याला त्यातले काहीच उमगले नाही. पण ज्यावर इतकी माणसे जीव टाकतात ते निरर्थक कसे असेल? उणीव आपल्यातच असली पाहिजे, असे मानून तो शिकू लागला. त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली; तीत झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत. मुंबई रेडिओवर त्याने पाश्चात्य संगीत विभाग सांभाळला. १९४६ मध्ये त्याने मुंबई सोडली. पुढे कॅनडातील विनिपेगच्या वाद्यवृंदाचे त्याने संचालन केले आणि नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापन केले. एकेकाळी ज्याला हे संगीत कळत नव्हते, त्यानेच १९६८ मध्ये उत्तर भारतीय रागांवर भलामोठा ग्रंथ प्रसिद्ध केला! १९८४ साली तो निवर्तला.

गतवर्षी इंग्रजीचा तास माझ्या डोक्यावरून जाई. हे शिक्षण आपल्यासाठी नव्हेच, असे ठरवून मी कॉलेज सोडायला निघालो होतो. परवा आजोबांना ही सारी हकीकत सांगितली. जाळे शिवता शिवता ते म्हणाले, "म्हणजे तेकाय पयल्यांदा कायच कळूक नाय तर!"

त्या रात्री मी इंग्रजीचे पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा उघडले.